मुळांवाचूनचा संसार

कोकणातील एका खेड्यात मी मुख्याध्यापक होतो. शाळेच्या आवाराभोवती जांभ्या दगडाचा जुना गडगा होता. मृगाच्या सरी पडून गेल्या, की पाहता पाहता त्या गडग्यावर हिरवीगार मखमल पसरे. आणि दिवाळीची सुटी लागण्यापूर्वी शिपायाकडून ती खरवडून घेण्याचा माझा परिपाठ असे. शाळेचे आवार स्वच्छ दिसावे, एवढाच त्यात हेतू होता. एके वर्षी हे काम चालले असता सातवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, “गुरुजी, आपण दर वर्षी ही सगळी काढून टाकतो, मग पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा येते कोठून? तिला कोणी पेरीत नाही, तिचे बी कोणी पाहिलेले नाही, आणि एवढ्या कठीण दगडात तिची मुळे तरी कशी शिरतात?”

प्रश्न साधा होता. परंतु मला त्याचे उत्तर देता आले नाही. मी भाषेचा शिक्षक. त्या हिरव्या वस्तूचे नेमके नावही मला ठाऊक नव्हते. “उत्तर सापडेपर्यंत उरलेला गडगा तसाच राहू दे,” असे मी शिपायाला सांगितले आणि काम अर्ध्यावर थांबवले. मुलांनो, त्या विद्यार्थ्याला द्यावयाचे उत्तर शोधता शोधता मला जे समजले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. ओलसर जागी जे जे हिरवे दिसते, त्या सर्वांना आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो. वस्तुतः विहिरीच्या पायरीवरचा बुळबुळीत थर आणि तळ्यातील हिरव्या तंतूंचा गुंता हे खरे शेवाळ होय. त्याला ना खोड असते, ना पाने. आपल्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे त्याहून निराळे. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र येऊन थाटलेले ते बिऱ्हाड आहे. गडग्यावरची मखमल ही तिसरीच वस्तू. तिच्यावर भिंग धरून पाहा. जी आपणांस सपाट मखमल वाटत होती, ते एक लहानसे अरण्यच असल्याचे दिसेल. बोटाच्या पेराहूनही आखूड अशी शेकडो रोपे एकमेकांना खेटून उभी असतात. प्रत्येकाला सरळ खोड आणि खोडाभोवती नाजूक पाने असतात. या वनस्पतीला आपल्या भाषेतील शास्त्रीय ग्रंथांत ‘हरिता’ असे सुंदर नाव आहे. इंग्रजीत तिला ‘मॉस’ म्हणतात. हरिता ही काही एकच वनस्पती नव्हे. जगात तिच्या सुमारे १२,००० जाती आहेत.

आता एक प्रयोग करा. त्यासाठी वैशाखातील कडक उन्हाचे दिवस हवेत. त्या दिवसांत जुन्या भिंतीवर किंवा कौलांवर काळपट, चुरगळलेली खपली चिकटलेली दिसते. ती पाहून कोणीही म्हणेल, की यात प्राण उरलेला नाही. त्या खपलीचा नखाएवढा तुकडा बशीत ठेवा, त्यावर चमच्याने थोडे पाणी शिंपडा आणि भिंगातून पाहत राहा. आक्रसलेली पाने हळूहळू उलगडू लागतात. काळपट रंगातून हिरवा रंग वर येतो. पुष्कळ वेळा काही मिनिटांच्या आतच तो मृतवत् तुकडा टवटवीत दिसू लागतो. मेलेले झाड पाण्याने जिवंत होत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा ही वनस्पती मेलेली नव्हती. ती वाट पाहत होती.

हे तिला कसे साधते? विद्यार्थ्याने विचारलेल्या शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करू. दगडात तिची मुळे कशी शिरतात? उत्तर असे, की तिला मुळे नसतातच. तिच्या बुडाशी केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांचे मुख्य काम दगडाला किंवा सालीला धरून राहणे हे होय. आंब्याचे झाड जमिनीत खोल मुळे धाडून पाणी शोधते आणि खोडातील सूक्ष्म नळ्यांतून ते शेंड्यापर्यंत चढवते. आंब्याच्या पानावर मेणाचा पातळ लेप असतो, म्हणून आत आलेले पाणी सहजासहजी उडून जात नाही. हरितेजवळ यांपैकी फारसे काही नाही. तिचे पान बहुधा पेशींच्या एकाच थराचे, म्हणजे कल्पनेपलीकडे पातळ असते. पाऊस पडला, धुके आले, दव साचले, की ती सर्वांगाने पाणी पिते. ऊन पडले, की ते पाणी तितक्याच लवकर निघून जाते.

अशा वेळी दुसऱ्या बहुतेक वनस्पती मरून जातील. हरिता मात्र आपले सर्व व्यवहार थांबवते. पाने मिटून घेते, अन्न तयार करणे बंद ठेवते आणि पुढच्या पाण्याची वाट पाहते. पाणी मिळताच मोडलेला संसार पुन्हा मांडते. उंच वृक्षांनी पाणी साठवण्याची विद्या मिळवली. हरितेने पाण्यावाचून थांबण्याची विद्या मिळवली. मात्र या विद्येसाठी तिला एक किंमत द्यावी लागते. पाणी उंच चढवणाऱ्या सक्षम नळ्या नसल्यामुळे ती फारशी वाढू शकत नाही. बहुतेक हरिता काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढ्याच उंचीच्या असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील डॉसोनिया नावाची हरिता सुमारे अर्धा मीटर उंच होते, आणि एवढ्यावरच तिची गणना हरितांमधील उत्तुंग वृक्षांत होते!

आता त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. ती पुन्हा येते कोठून? हरितेला फुले येत नाहीत, म्हणून फळे आणि बियाही नाहीत. पावसाळ्यात तिच्यातील नर-पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन मादी-पेशीला मिळतात. त्यानंतर रोपाच्या माथ्यावर एक बारीक दांडी उभी राहते आणि तिच्या टोकाला चिमुकली डबी धरते. या डबीत पिठाहून बारीक असे असंख्य कण असतात. त्यांना ‘बीजुके’ म्हणतात. डबीचे झाकण गळून पडले, की पुष्कळ जातींत तिच्या तोंडाशी दातांची एक नाजूक महिरप दिसते. हवा दमट असताना हे दात मिटतात आणि हवा कोरडी झाली, की उघडतात. कारण कोरड्या वाऱ्यावरच बीजुकांना दूरचा प्रवास करता येतो. ओलावा असलेल्या जागी जे बीजुक पडेल, तेथे नवी हरिता उगवते.

याखेरीज तिची आणखी एक युक्ती आहे. पुष्कळ जातींमध्ये खोडाचा किंवा पानाचा तुटलेला तुकडाही ओलावा मिळताच नव्याने वाढू लागतो. हे सर्व मी त्या विद्यार्थ्याला सांगितले, तेव्हा तो आठवीत गेला होता. त्याने क्षणभर विचार केला आणि तो म्हणाला, “म्हणजे गुरुजी, आपण इतकी वर्षे ती खरवडत नव्हतो, आपणच तिला पेरीत होतो!” त्याचे म्हणणे खरे होते. शिपायाच्या खरवडणीतून उडालेला चुरा दगडांच्या फटींत जाऊन बसत होता आणि पुढच्या मृगाची वाट पाहत होता.

मुळे नकोत, माती नको. थोडा ओलावा आणि थोडा उजेड मिळाला, की पुरे. ज्याच्या गरजा इतक्या थोड्या, त्याला राहण्यास जागेची काय वाण? शहरातील फरसबंदीच्या सांधीत रुपेरी छटेची एक हरिता वाढते. तिच्या पानांच्या टोकांना हिरवे द्रव्य नसते, म्हणून ती चांदीसारखी चमकते. हीच जात थेट अंटार्क्टिकातही आढळते. वणव्यात जळालेल्या जमिनीवर फ्युनेरिया नावाची हरिता फार लवकर येते. युरोपातील ओढ्यांत फाँटिनॅलिस ही हरिता पाण्याखाली खडकांना धरून डुलत असते. पूर्वी स्वीडनमध्ये धुराडे आणि भिंत यांच्यामधील फटीत ती भरीत, म्हणजे आग लागण्याचे भय कमी होई. उत्तरेकडील थंड प्रदेशांत स्प्लॅक्नम ही हरिता जनावरांच्या शेणावर वाढते. तिच्या डब्यांचा वास माश्यांना ओढून घेतो आणि तिची चिकट बीजुके घेऊन माश्या दुसऱ्या ताज्या शेणावर जाऊन बसतात. जपान आणि युरोप येथील काही गुहांच्या तोंडाशी एक हरिता अंधारात सोनेरी-हिरवी चमकताना दिसते. तिला स्वतःचा प्रकाश नसतो. कोवळ्या अवस्थेतील तिच्या पेशी भिंगासारख्या असतात आणि बाहेरून आलेला अंधूक उजेड त्या एकवटून घेतात. वाळवंटातील एका हरितेच्या पानांच्या टोकांना पांढरे केस असतात; ते धुक्यातील आणि दवातील पाणी टिपून पानाकडे पोहोचवतात.

दक्षिण ध्रुवाजवळील अंटार्क्टिका खंडात सपुष्प वनस्पतींच्या मूळच्या जाती केवळ दोन आहेत. परंतु हरितांच्या जाती शंभराहून अधिक आहेत. तिकडच्या सिग्नी बेटावर हरितेचे जाड थर बर्फाने गोठून गेले आहेत. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तेथील खोल थराचा एक तुकडा काढून आणला आणि त्याला ऊब, उजेड व ओलावा दिला. काही आठवड्यांत त्याला नवे हिरवे कोंब फुटले. तो थर १,५०० वर्षांहूनही अधिक काळ गोठलेला होता! हा शोध २०१४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या गडग्यावरची हरिता सात-आठ महिने वाट पाहते याचे आपणांस नवल वाटते. तिच्या या भगिनीने तर पंधरा शतके वाट पाहिली. हरितेला अजिबात न मानवणारी जागा म्हणजे खाऱ्या पाण्याचा समुद्र. त्याच्या पोटात मात्र एकही हरिता वाढत नाही.

एवढीशी ही वनस्पती जगाच्या काय उपयोगाची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर उत्तर युरोप, रशिया आणि कॅनडा येथील विस्तीर्ण दलदलींत सापडते. या दलदली घडवणाऱ्या हरितेचे नाव स्फॅग्नम. तिच्या पानांत जिवंत पेशींच्या जोडीला रिकाम्या पेशीही असतात. त्यांना बारीक छिद्रे असून त्या जणू पाण्याच्या घागरीच होत. त्यांच्यामुळे स्फॅग्नम आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटींपर्यंत पाणी धरू शकते. पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई पडली, तेव्हा एडिंबरो येथील शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फोर यांनी जखमा बांधण्यासाठी हीच हरिता वापरावी, असे सुचवले. तेव्हा गावोगावचे लोक आणि शाळांतील मुलेही दलदलींतून ती गोळा करू लागली. वाळवून निवडलेल्या या हरितेच्या पट्ट्यांनी असंख्य सैनिकांच्या जखमांतील रक्त टिपून घेतले.

स्फॅग्नम आपल्या भोवतालचे पाणी आम्लधर्मी करते. अशा गार, आंबट आणि हवा न शिरणाऱ्या पाण्यात कुजवणारे जंतू फारसे काम करू शकत नाहीत. त्यामुळे हरितेचा वरचा भाग वाढत जातो आणि खालचा मेलेला भाग न कुजता थरावर थर साचत राहतो. या थरांना ‘पीट’ म्हणतात. ते साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटर एवढ्या मंद गतीने वाढतात. म्हणजे एक मीटर थर साचण्यास सुमारे एक हजार वर्षे लागतात. १९५० साली डेन्मार्कमधील सिल्केबोर्ग गावाजवळ पीट खणणाऱ्या माणसांना एका पुरुषाचा देह सापडला. डोक्यावर कातड्याची टोपी होती, हनुवटीवर दाढीचे खुंट होते आणि चेहरा शांत झोपलेल्या माणसासारखा होता. नुकताच कोणाचा तरी खून झाला असावा, या समजुतीने त्यांनी पोलिसांना कळवले. पुढे तपासाअंती कळले, की तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा आहे! आज त्याला ‘टोलुंड-मानव’ म्हणतात. हरितेने घडवलेल्या त्या दलदलीने त्याचा चेहरा इतकी शतके जपून ठेवला होता.

परंतु या दलदलींनी जपलेली याहून मोठी ठेव निराळीच आहे. प्रत्येक वनस्पती हवेतील कर्बवायू घेऊन आपले अंग घडवते. ती कुजली, की तो वायू पुन्हा हवेत जातो. पीटमध्ये तो हजारो वर्षे कोंडून राहतो. पीटच्या जमिनी पृथ्वीवरील भूभागाच्या केवळ तीन टक्क्यांएवढ्या आहेत. तथापि जगातील सर्व अरण्यांतील झाडांत मिळून जेवढा कर्ब आहे, त्याहून अधिक कर्ब या जमिनींत साठलेला आहे. माणसाने शेतीसाठी चर खणून अशा दलदली सुकवल्या आणि जळणासाठी व बागांसाठी पीट खणून नेले. कोरड्या पडलेल्या पीटमध्ये हवा शिरते, साठलेला कर्ब वायुरूपाने बाहेर पडू लागतो आणि पृथ्वीच्या तापण्यात भर पडते. हजार वर्षांची पुंजी उधळण्यास थोडी वर्षेही पुरतात. सुदैवाने काही ठिकाणी शहाणपण येऊ लागले आहे. आयर्लंडमध्ये अनेक दशके पीट खणणाऱ्या सरकारी कंपनीने २०२१ साली ते खणणे बंद केल्याचे जाहीर केले. आता तेथे जुने चर बुजवून दलदली पुन्हा ओल्या करण्याचे काम चालू आहे. आपल्याकडील रोपवाटिकांतही कुंड्यांसाठी ‘पीट मॉस’ विकत मिळते. त्याऐवजी नारळाच्या सोडणाचा भुसा वापरला, तर कुंडीतील ओलावा टिकतो आणि दूरदेशीची दलदलही वाचते.

आपल्या सह्याद्रीतील हरिता अशा दलदली घडवीत नाही. परंतु तिचे कामही थोडे नाही. महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोली अशा ठिकाणच्या अरण्यांत पावसाळ्यात गेलात, तर झाडांची खोडे आणि खडक हिरव्या शालीत लपेटलेले दिसतील. ती शाल पावसाचे पाणी अडवून धरते आणि थेंबाथेंबाने खाली सोडते. वाऱ्याने आलेली धूळ आणि गळून पडलेला पाचोळा तिच्यात अडकतो, त्यातून चिमूटभर माती तयार होते आणि त्या मातीत दुसऱ्या वनस्पती रुजतात. हरितेचे हे मोल लोकांना कळावे म्हणून उत्तराखंडाच्या वनविभागाने नैनितालजवळ खुर्पाताल येथे खास हरितांचे उद्यान उभारले. २०२० साली त्याचे उद्घाटन झाले, ते जलसंवर्धनाचे कार्य करणाऱ्या राजेंद्र सिंह यांच्या हस्ते.

इतकी सोशिक असलेली ही वनस्पती एका बाबतीत मात्र फार दुबळी आहे. तिच्या अंगावर मेणाचे कवच नसते, म्हणून पावसातून आणि हवेतून जे येईल ते तिच्या अंगात शिरते. मग ते स्वच्छ पाणी असो, वा कारखान्याच्या धुरातील विषारी धातू असोत. याच गुणाचा उपयोग करून स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस हरिता तपासून हवेतील धातूंचे प्रमाण ओळखण्याची रीत काढली. आज युरोपातील अनेक देशांत ही तपासणी ठरावीक वर्षांनी केली जाते. हरितेला बोलता येत नाही. परंतु आपण कोणत्या हवेत श्वास घेत आहोत, हे ती सांगू शकते.

तर मग हरिता कधीच काढू नये काय? तसे नाही. ज्या पायरीवरून म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरेल, ती पायरी घासलीच पाहिजे. पुरातन शिल्पांवर काय वाढू द्यावे आणि काय नाही, हे जाणकारांनी ठरवावे. परंतु ओढ्याकाठचा खडक, झाडाचे खोड, कुंपणाचा गडगा अशा जागी ती कोणाच्या वाटेत येत नाही. तेथे केवळ आपल्या डोळ्यांना बरे दिसावे म्हणून तिच्यावर खरवडणी चालवणे योग्य नव्हे. ती चूक मी अनेक वर्षे केली, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे.

आमच्या शाळेचा तो अर्धा गडगा पुढे कोणी खरवडला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात त्यावरील हरितेच्या गादीतून नेच्याचे एक कोवळे पान गुंडाळी सोडवीत वर आले. पुढे तेथे गवत आले, मग तेरड्याची चारदोन रोपे आली. श्रावणात त्यांवर गुलाबी फुले डुलू लागली, तेव्हा मुले मधल्या सुटीत ती पाहावयास जाऊ लागली. गडग्याचा खरवडलेला अर्धा भाग मात्र बराच काळ उघडाबोडका राहिला. आधी हरितेने तेथे आपले बिऱ्हाड पुन्हा मांडले, आणि मगच इतरांना तेथे पाऊल टाकता आले.